वाड्याच्या जुन्या शहाबादी फरश्या बागेत लावताना: डागांचं काय करायचं

आजोळचा वाडा उतरवला, त्यातल्या पन्नासेक शहाबादी फरश्या तुम्ही बागेतल्या पायवाटेसाठी आणून ठेवल्यात. काहींवर स्वयंपाकघरातल्या तेलाचे काळपट डाग आहेत, काहींवर लोखंडी पिंपाच्या गंजाची कडी, काहींच्या कडांना सिमेंट. आणि दुकानदाराने लादी साफ करायचं अॅसिड हातात दिलंय. कृपा करून ती बाटली उघडू नका.

शहाबादी हा चुनखडीचा दगड. कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबाद गावावरून त्याचं नाव पडलं. तांदूर, कोटा आणि काळी कडप्पा याही चुनखडीच्याच. खात्री करायची तर फरशीची मागची बाजू खिळ्याने थोडी ओरखडा आणि त्यावर लिंबू पिळा. बारीक बुडबुडे आले की समजा, नुसत्या लिंबानेही दगड विरघळतोय. मग अॅसिडने काय होईल?

मी हे करून बसलो आहे. आठ-दहा वर्षांपूर्वी अंगणातल्या बारा फरश्यांवर अॅसिड ओतलं. फेस आला, डाग फिका झाला, मला आनंद झाला. दोन दिवसांनी फरश्या वाळल्या तेव्हा निळसर राखाडी रंग जाऊन खडूसारखे पांढरे पट्टे उठले होते आणि हात फिरवला तर पृष्ठभाग खरखरीत लागत होता. पुढच्या पावसाळ्यात शेवाळ सगळ्यात आधी धरलं ते त्याच पट्ट्यांवर. तेलाचा डाग खोल मुरलेला होता, तो शिल्लक राहिलाच.

म्हणून पहिलं काम: सगळ्या फरश्या साध्या पाण्याने आणि काथ्याच्या ब्रशने धुवा, उभ्या करून दोन-तीन दिवस उन्हात वाळवा आणि मगच डाग मोजा. ओल्या दगडावर डाग दिसत नाहीत, क्षारही वाळल्यावरच फुलून येतात. हे पांढरे क्षार पाण्याने धुऊ नका, पुन्हा आत मुरतात. कोरड्या ब्रशने झाडून काढा. तारेचा ब्रश मात्र नको. त्याचे बारीक तुकडे दगडात अडकतात, गंजतात आणि तुम्हाला नवे डाग देतात.

दुसरं काम: प्रत्येक फरशी उलटी करून बघा. वाड्यात ती एका बाजूनेच वापरली गेली, मागची बाजू सहसा ओबडधोबड पण बिनडागाची असते. बागेत तीच बाजू वर हवी, कारण गुळगुळीत बाजू पावसात घसरते. चुन्यात बसवलेली फरशी असेल तर मागचा चुना छिन्नीच्या हलक्या ठोक्यांनी सुटतो. सिमेंट चिवट असतं. छिन्नी जवळजवळ आडवी धरून कडेकडून आत ठोकत जा, उलट दिशेने ठोकलं की कड उडते. शहाबादीचे पापुद्रे सुटतात, त्यामुळे शेवटचा पातळ थर ओरबाडायचा हट्ट धरू नका. उलटवून निम्म्याहून जास्त फरश्यांचा प्रश्न सुटेल असं मला वाटतं.

तेलाचे डाग उरले तर लेप लावा. संगजिरे किंवा खडूची भुकटी घ्या, त्यात नेलपॉलिश काढायचं अॅसिटोन घालून श्रीखंडाइतकं घट्ट कालवा. उघड्यावर, विस्तवापासून लांब. डागाच्या चारही बाजूंना दोन बोटं बाहेर जाईल असा, अर्धा सेंटिमीटर जाड थर द्या, वर प्लॅस्टिक घालून कडा चिकटपट्टीने बंद करा. 24 तासांनी प्लॅस्टिक काढा आणि लेप आपोआप खडखडीत वाळू द्या. खरं काम या वाळण्यातच होतं: आतलं तेल पातळ होऊन भुकटीत ओढलं जातं. माझ्या एका फरशीवरून पहिला लेप निघाला तो खालून चहाच्या रंगाचा झाला होता आणि त्याला जुन्या तळणीचा वास येत होता. तिसऱ्या लेपानंतर डागाची जागा शोधावी लागली. एका लेपात जात नाही म्हणून सोडून देऊ नका.

हळदीचे डाग असतील तर काहीच करू नका, ऊन महिन्याभरात ते खातं. साबण किंवा सोडा लावलात तर डाग कुंकवासारखा लाल होईल. घाबरू नका, तोही उन्हात जातो.

गंजाचं मात्र खरं सांगतो: चुनखडीतून गंज काढणारं जे जे मिळतं, त्यातलं बहुतेक आम्लच असतं. त्या फरश्या उलटवा, आणि दोन्ही बाजू खराब असतील तर मुद्दाम वेगळ्या ठेवा. कुंड्यांखाली आणि नळाच्या मोरीपाशी त्या कामी येतात. मोठी फरशी असेल तर कटरने डागाचा भाग कापून काढता येतो. कापताना पाणी सोडा, नाकाला मास्क लावा आणि विजेचं यंत्र पाण्यापासून जपा.

शेवाळाला ब्लीचिंग पावडर चालते, पण झाडांच्या मुळांपासून लांब धुवा. घरात ते अॅसिड पडून असेल तर दोन्हींचा एकमेकांना स्पर्शही होऊ देऊ नका, क्लोरीन वायू सुटतो.

बसवण्याआधी सगळी पायवाट मुरमावर सुकीच मांडून बघा. डागवाल्या फरश्या एका ठिकाणी आल्या तर नजर तिथेच जाते. त्या पसरवा, डागाची कड बाहेर करा आणि तिथे हरळी वाढू द्या. ओसरीवर बसून सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा बघा, दोन-चार फरश्यांची अदलाबदल करावीशी वाटेलच. देवघरातली फरशी ओळखता येत असेल तर ती पायवाटेत घालू नका, तुळशीच्या कट्ट्याला लावा.