इंजिन मागे, रेडिएटर पुढे आणि मध्ये अडकलेली हवा

प्रश्न : मी इंग्लंडमध्ये राहतो. माझ्याकडे १९८१ सालची, १४९८ सीसी इंजिनाची फियाट एक्स १/९ आहे. या हिवाळ्यात मी तिचे सर्व रबरी होज आणि कूलंट स्वतः बदलले. तेव्हापासून गाडी सुरू केल्यावर दहा-बारा मिनिटांत तापमानाचा काटा झपाट्याने लाल पट्ट्याकडे जातो आणि एकाएकी खाली येतो. हीटरमधून गार हवाच येते आणि रेडिएटरचा पंखा एकदाही फिरलेला नाही. पुण्यातील माझे जुने मेकॅनिक फोनवर म्हणाले, "थर्मोस्टॅट काढून टाका." तसे करावे काय? की हेडचे गॅस्केट गेले असावे?
— एक वाचक, लेस्टर

उत्तर : थर्मोस्टॅट, म्हणजे कूलंट तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणारी झडप, काढू नका आणि गॅस्केटची, म्हणजे इंजिनाचे हेड आणि ब्लॉक यांच्यामधल्या सीलची, धास्तीही एवढ्यात घेऊ नका. आपण सांगितलेली तिन्ही लक्षणे कूलंट बदलल्यानंतर एकदमच सुरू झाली, याचा अर्थ यंत्रणेने हवा धरली आहे असे समजून पुढे जाणे योग्य ठरेल. विहिरीवरच्या मोटारीने हवा धरली की ती घरघरत राहते, पण पाणी उचलत नाही, हे आपल्याकडे शेतकऱ्याच्या पोरालाही ठाऊक असते. गाडीच्या इंजिनातील वॉटर पंपही त्याच जातीचा आहे. त्याची पाती पाण्याला ढकलू शकतात, पण हवेत नुसतीच फिरतात. काट्याचा सेन्सर कधी वाफेत तर कधी पाण्यात असतो, म्हणून काटा वेड्यासारखा वरखाली होतो. पंख्याचा स्विच रेडिएटरमध्येच बसवलेला असल्यामुळे आणि गरम पाणी तिथवर पोचतच नसल्यामुळे, मागे इंजिन तापत असतानाही पंख्याला त्याची खबर लागत नाही.

ही अडचण या गाडीच्या रचनेतूनच येते. १९७२ मध्ये आलेल्या या दोन आसनी गाडीत बर्टोने या इटालियन कंपनीने फियाट १२८ च्या घराण्यातील, अभियंते ऑरेलिओ लाम्प्रेदी यांनी आखलेले इंजिन आसनांच्या मागे आडवे बसवले. रेडिएटर मात्र गाडीच्या नाकात राहिला, आणि या दोघांना जोडणाऱ्या दोन लांब नळ्या गाडीच्या पोटाखालून जातात. मुंबईच्या रस्त्यांवर दशकानुदशके धावलेली प्रीमियर पद्मिनीही फियाटच्याच गोतावळ्यातली, पण तिच्यात रेडिएटर इंजिनाच्या पुढ्यातच असल्याने बॉनेट उघडून टोपणातून पाणी ओतले की काम बहुधा संपत असे. आपल्या गाडीत पाणी एका टोकाला ओतले जाते आणि हवा दुसऱ्या टोकाला, शिवाय मध्ये हीटरमध्येही, अडकून बसते.

म्हणून पहिले काम मोजमापाचे आहे. आपण किती लिटर कूलंट काढले आणि किती भरले, हे लिहून ठेवले होते काय? संपूर्ण रिकाम्या यंत्रणेत दहा लिटरहून अधिक कूलंट मावते. काढलेल्यापेक्षा दोन लिटर कमी भरले गेले असेल, तर दोन लिटर हवा आत कुठेतरी आहे, आणि एक्स्पान्शन टँक, म्हणजे कूलंटची जादा टाकी, काठोकाठ दिसते म्हणून हा हिशेब खोटा ठरत नाही. माझ्या अनुभवाने या कामात हवा बाहेर सोडणाऱ्या ब्लीड स्क्रूपेक्षाही वही अधिक उपयोगी पडते.

गाडी पूर्ण थंड असताना सपाट जागी उभी करावी आणि हीटरची कळ सर्वांत गरम बाजूला सरकवावी. ती कळ बंद राहिली तर हीटरमधली हवा तिथेच कोंडलेली राहते. बऱ्याच एक्स १/९ गाड्यांत थर्मोस्टॅटच्या घरावरही एक टोपण असते. ते असल्यास आधी तेथून इंजिन भरावे, टोपण घट्ट लावावे आणि नंतर एक्स्पान्शन टँककडे वळावे. टँकच्या तोंडावर घट्ट बसणारे उंच नरसाळे लावून त्यातही पाण्याचा स्तंभ ठेवावा. यामागचे कारण साधे आहे : जोडलेल्या भांड्यांत पाणी एकाच पातळीला येते, त्यामुळे ओतण्याची जागा जितकी उंच, तितका हवेला बाहेर ढकलणारा दाब अधिक. पुढची डिकी उघडून रेडिएटरच्या वरच्या कोपऱ्यातील ब्लीड स्क्रू हळूच सैल करावा. प्रथम फुसफुस, मग बुडबुड्यांसह पाणी आणि शेवटी अखंड धार आली की तो बंद करावा; जोर लावून पिळू नये, कारण इतक्या जुन्या धातूतले आटे सहज जातात. भरत असताना हाती लागणारे होज मधूनमधून दाबत राहिले, तर वळणांत दडलेले बुडबुडे सुटतात. हे काम घाईने ओतून होत नाही. सावकाश ओतलेले पाणी हवेला वाट देते, भसकन ओतलेले तिला कोंडते.

काही जण या वेळी गाडीचे नाक जॅकवर बरेच उंच उचलतात. मला ते पटत नाही, कारण नाक फार वर गेले तर रेडिएटरचा माथा टँकमधील पातळीच्या वर जातो आणि ब्लीड स्क्रूतून पाणी येणेच थांबते. थोडा चढ चालेल, पण तोही उंच नरसाळे असेल तरच. जॅकचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो : पोटाखालच्या त्या नळ्यांवर चुकून जॅक लागून त्या चेपलेल्या असण्याची शक्यता या गाडीत नेहमी तपासावी. चेपलेल्या नळीवर कितीही वेळा हवा काढली तरी उपयोग होत नाही.

यानंतर इंजिन सुरू करून मंद वेगाने चालू द्यावे आणि नरसाळ्यातील पातळी खाली जाईल तशी भर घालावी. रेडिएटरकडून इंजिनाकडे परतणारा होज गरम होणे, हीटरमधून ऊब येणे आणि पंखा आपोआप सुरू होऊन बंद होणे, या तिन्ही गोष्टी घडेपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नये. मधेच काटा लाल पट्ट्याकडे गेला तर त्या क्षणी इंजिन बंद करावे. बिडाच्या ब्लॉकवर ॲल्युमिनियमचे हेड असलेले हे इंजिन फार तापले तर हेड वाकते, आणि मग आज नसलेला गॅस्केटचा प्रश्न खरोखर उभा राहतो. गरम टोपणाला हात लावू नये. एक बार जादा दाबाखाली साधे पाणीही सुमारे १२० अंशांपर्यंत उकळत नाही, पण टोपण उघडताच दाब जातो आणि तेच पाणी उसळून अंगावर येते. रात्रभर थंड होऊ दिल्यावर पातळी पुन्हा पाहावी. एकाच बैठकीत सगळी हवा निघाली असे या गाडीच्या बाबतीत क्वचितच घडते.

थर्मोस्टॅटविषयी आपल्या मेकॅनिकांचा सल्ला जुन्या सवयीतून आलेला आहे. या गाडीतील थर्मोस्टॅट दुहेरी काम करतो : तापल्यावर रेडिएटरची वाट उघडतो आणि त्याच वेळी इंजिनातल्या इंजिनात फिरणारी बायपासची वाट बंद करतो. तो काढला की बायपास कायम उघडा राहतो आणि गरम पाण्याचा काही भाग रेडिएटरला न भेटताच इंजिनात परततो. थर्मोस्टॅटबद्दल शंका असल्यास तो काढून पातेल्यात पाण्यासह तापवून पाहावा, आणि उघडत नसेल तर नवा बसवावा.

गॅस्केटचा संशय कधी घ्यावा? दोन-तीन वेळा नीट हवा काढूनही टँकमध्ये बुडबुडे येतच राहिले, थंड इंजिन सुरू केल्याबरोबर होज टणक होऊ लागले किंवा गळती न दिसता कूलंट कमी होत राहिले, तर. त्या वेळी टँकच्या तोंडावर निळ्या द्रवाची चाचणी करून घ्यावी. ज्वलनाचा वायू कूलंटमध्ये मिसळत असेल तर तो द्रव पिवळा पडतो. जाता जाता एक सूचना : सांडलेले कूलंट लगेच पुसावे. ते चवीला गोड लागते आणि कुत्र्या-मांजरांना घातक असते.

प्रश्न : माझ्याकडे १९७२ ची एमजीबी आहे. निर्वात यंत्राने कूलंट भरून देतो, मग हवा काढावीच लागत नाही, असे गॅरेजवाले म्हणतात. जुन्या गाडीला ते चालेल काय?
— एक वाचक, पुणे

उत्तर : होज आणि हीटर सुस्थितीत असतील तर चालेल. आधी आतली हवा ओढून घेतली जात असल्याने अडकायला हवा फारशी उरत नाही, आणि यंत्राच्या निर्वातमापकाचा काटा काही मिनिटे जागचा हलला नाही तर गळती नसल्याची खात्रीही होते. होज चपटे झालेले पाहून घाबरू नये. मात्र तडे गेलेले, कडक झालेले होज याच वेळी फाटतात, म्हणून ते आधी बदलावेत. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर असल्यामुळे काटा मुंबईपेक्षा थोडा कमी आकडा दाखवेल, त्यात यंत्राचा दोष नाही. पण यंत्राच्या बादलीत काय ओतले जात आहे, ते स्वतः पाहावे. कूलंटमध्ये मिसळायचे पाणी डिस्टिल्ड असावे. बोअरचे पाणी वापरले तर हवा निघेल, पण क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत साचत जातील.