"बाबा पुन्हा तसे मजेचे कधी होणार?"

प्रश्न : डॉक्टर, आम्ही हर्णैजवळ राहतो. माझ्या यजमानांना बायपोलर आजार असल्याचं निदान झालंय. नारळी पुनवेनंतर बोटी बाहेर पडल्या तेव्हा कितीतरी रात्री ते झोपलेच नाहीत. व्यापाऱ्याकडून उचल घेऊन दुसरं इंजिन आणलं आणि रात्री दोनला मुलांना उठवून ते दाखवायला बंदरावर नेलं. दिवाळीनंतर मात्र त्यांनी अंथरूण धरलं. आता थोडे सावरलेत, अधूनमधून बोटीवर जातात, पण तिकडे लिथियमच्या गोळ्या चुकतात. सासूबाई म्हणतात, देवीला कौल लावू. मुलांना आम्ही 'बाबांना पित्त झालंय' म्हणून सांगितलंय. मुलगा अकरा वर्षांचा. शाळेतून आला की आधी बाबांच्या खोलीत डोकावतो, क्रिकेटला जात नाही. मुलगी सहा वर्षांची. ती विचारते, "बाबा पुन्हा तसे मजेचे कधी होणार?" मुलांच्या मनावर याचा काय परिणाम होईल? त्यांनाही हा आजार होईल का?

उत्तर : ताई, मुलीपासून सुरुवात करते. मध्यरात्री बंदरावर नेणारे बाबा तिला फार आवडले होते. मोठ्यांना त्या रात्रीचं कर्ज दिसतं; तिला आठवतात ते खांद्यावर बसवणारे बाबा. आता तेच बाबा भिंतीकडे तोंड करून पडलेले बघून ती स्वतःशीच कारण शोधत असणार. या वयाची मुलं घरातल्या वाईट गोष्टींचा दोष चटकन स्वतःकडे घेतात. मी हट्ट केला, मी दूध सांडलं, म्हणून बाबा बोलत नाहीत. 'पित्ता'ने ही शंका जात नाही, कारण पित्त तर तिनं आजीलाही झालेलं पाहिलंय आणि आजी बोलायची थांबली नव्हती.

तिला खरं सांगा. "बाबांना एक आजार आहे. त्यात कधी खूप जोर चढतो, झोप येत नाही. कधी उठवतच नाही. तुझ्यामुळे झालेलं नाही. डॉक्टरांचं औषध चालू आहे." एवढं पुरे. हे बाबांनीच, जरा बरे असताना, जवळ घेऊन सांगितलं तर फारच चांगलं. आणि एकदा सांगून भागत नाही. ती पुन्हा पुन्हा विचारेल, तेव्हा पुन्हा तेच सांगायचं.

मला जास्त काळजी मुलाची वाटते. "किती समजूतदार आहे हो!" असं अशा मुलाचं कौतुक होतं आणि त्या कौतुकात त्याचं खेळणं संपतं. बाबा खोकले कसे, चहा अर्धा ठेवला का, यावर तो दिवसभर पाळत ठेवतोय. ती राखण त्याच्याकडून काढून घ्या. "बाबांकडे लक्ष द्यायला मी आणि काका आहोत, तू खेळायला जा," असं स्पष्ट सांगा आणि काकांना खरंच सांगून ठेवा. उचल किती राहिली, हे त्याच्यासमोर बोलू नका.

आजार मुलांना होईल का? आई-वडिलांपैकी एकाला बायपोलर असेल, तर शंभरातल्या साधारण पाच ते दहा मुलांना तो पुढे होऊ शकतो. नैराश्याचा, चिंतेचा धोकाही इतर मुलांपेक्षा जास्त असतो. म्हणजे लक्ष ठेवायचं, पण शिक्का मारायचा नाही. मुलगा रागावला की "बापावर गेलाय" हे वाक्य घरात कुणीही, अगदी गमतीनंही, उच्चारू नये. मी हे हात जोडून सांगते.

वडिलांचे उपचार हा मुलांच्याही उपचारांचा भाग आहे. मायर्ना वाइसमन आणि सहकाऱ्यांचा 2006 मधला अमेरिकेतला अभ्यास आयांच्या नैराश्याबद्दल होता. ज्या आया औषधांनी तीन महिन्यांत बऱ्या झाल्या, त्यांच्या मुलांचे त्रासही कमी झाले. अभ्यासात मुलांना वेगळे उपचार दिले नव्हते. तुमच्या घरातला आजार वेगळा असला, तरी मला त्यातून धीर येतो.

म्हणून गोळ्या चुकता कामा नयेत. झाकणाच्या डब्यात घालून बोटीवर द्या आणि एखाद्या विश्वासू खलाशाला सांगून ठेवा. उन्हात घाम जातो, पाणी कमी पडलं की लिथियमचं रक्तातलं प्रमाण वाढतं. पाणी भरपूर प्यायचं, मीठ एकदम तोडायचं नाही, अंगदुखीची गोळी मनानं घ्यायची नाही. उलट्या, जुलाब, हात जास्त थरथरणं किंवा तोल जाणं दिसलं तर लगेच डॉक्टर. रक्ताची तपासणी ठरल्या वेळी करायचीच. रात्रीच्या मासेमारीत झोप मोडते आणि झोप मोडली की पुन्हा जोर चढू शकतो. फेऱ्या कशा लावायच्या ते डॉक्टरांशी बोलून ठरवा.

सासूबाईंशी वाद घालू नका. त्यांना देवीला गाऱ्हाणं घालू दे, गोळी मात्र चालू राहू दे.

मुलाची झोप किंवा जेवण तुटलं, अभ्यासातून एकदम लक्ष उडालं, मुलगी पुन्हा अंथरूण ओलं करू लागली, तर त्यांनाही तपासायला आणा. रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात बाह्यरुग्ण विभाग आहे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या 14416 या क्रमांकावर दिवसरात्र मराठीत मोफत बोलता येतं. यजमानांच्या किंवा मुलाच्या तोंडी मरणाची भाषा आली, तर तारखेची वाट न बघता त्याच दिवशी निघा.