आराधना: आधी माणसं मोजा, मग तास

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नव्या फादरांनी दर गुरुवारी पवित्र साक्रामेंताची आराधना (मिस्सेत अर्पिलेली पवित्र भाकर, म्हणजे ख्रिस्ताचं शरीर, वेदीवर ठेवून तिच्यासमोर प्रार्थनेत बसणं) सुरू करायचं सुचवलंय. पॅरिश (धर्मग्राम) कौन्सिलमधला एक गट म्हणतो, करायचीच तर आठवडाभर, रोज चोवीस तास अखंड करू. दुसरा म्हणतो, मिस्सा (ख्रिस्तयाग) आहे की, मग हे वेगळं कशाला? आयोजन तुमच्या गळ्यात पडलंय, आणि तासभर गप्प बसून लोकांनी करायचं तरी काय, हे तुम्हालाच कळत नाहीये. आराधनेची यादी सांभाळायचं काम मी बरीच वर्षं करतेय, म्हणून जरा लांबण लावते.

आधी दुसऱ्या गटाचं बोलू. त्यांचं म्हणणं उडवून लावू नका. 'घ्या, खा' असं प्रभू म्हणाला, समोर ठेवून बघत बसा असं नाही म्हणाला, हा आक्षेप जुना आहे आणि त्यात तथ्यही आहे. पहिल्या शतकांत पवित्र भाकर मिस्सेनंतर राखून ठेवत ती मुख्यतः आजारी आणि मरणोन्मुख माणसांसाठी. मध्ययुगात लोक कम्युनियन (पवित्र भाकरीचं ग्रहण) इतकं क्वचित घेऊ लागले, की १२१५ च्या लॅटरन परिषदेला 'वर्षातून निदान एकदा, पास्काच्या (ईस्टरच्या) काळात तरी घ्या' असा नियम करावा लागला. ग्रहण कमी झालं तशी दर्शनाची ओढ वाढली. लिएजच्या संत ज्युलियानाच्या आग्रहामुळे १२४६ मध्ये तिथल्या बिशपांनी ख्रिस्तशरीराचा सण सुरू केला आणि १२६४ मध्ये पोप अर्बन चौथे यांनी तो सगळ्या ख्रिस्तसभेला दिला. त्या काळात कित्येकांसाठी बघणं हेच घेण्याच्या जागी आलं होतं, हे नाकारण्यात अर्थ नाही.

पण आज तसं नाही. १९०५ मध्ये पोप दहावे पायस यांनी वारंवार कम्युनियन घ्यायला उत्तेजन दिलं, आणि आता बहुतेक लोक दर मिस्सेला वेदीपाशी जातात. त्यामुळे आराधनेची जागाही बदलली. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००७ मध्ये नेमका हाच आक्षेप घेऊन उत्तर दिलं आणि संत ऑगस्टीनचा दाखला दिला: आधी आराधना केल्याशिवाय ते शरीर कोणी ग्रहण करत नाही. म्हणजे मिस्सेत जे घेतलं त्याच्यापाशी थोडं थांबायचं, आणि पुढच्या मिस्सेला जरा भुकेनं जायचं. ज्या माणसाला आराधना आवडते पण रविवारची मिस्सा चुकली तरी चालते, त्याचं कुठेतरी बिनसलंय असं मी सरळ म्हणते.

ही गाठ सुटू नये म्हणूनच १९७३ चे विधीचे नियम तसे घातलेत. मोठ्या आराधनेसाठी मॉन्स्ट्रन्समध्ये (पवित्र भाकर सगळ्यांना दिसावी म्हणून असलेल्या काचेच्या उभ्या पात्रात) ठेवायची होस्ट (पवित्र भाकर) शक्यतो लगेच आधीच्या मिस्सेत अर्पिलेली असावी. साक्रामेंत उघडा ठेवलेला असताना चर्चच्या त्याच भागात मिस्सा करता येत नाही. आणि नुसता आशीर्वाद देण्यासाठी, म्हणजे दोन मिनिटं बाहेर काढून बेनेडिक्शन देऊन परत आत, असं करायला मनाई आहे. आधी वचन, गीत, प्रार्थना आणि शांतता यांना पुरेसा वेळ हवा. कौन्सिलमध्ये हे नियम वाचून दाखवा. दुसऱ्या गटाचं अर्धं समाधान तिथेच होईल.

व्यवहारात याचा अर्थ असा, की गुरुवारच्या संध्याकाळच्या मिस्सेला लागूनच आराधना ठेवा. कम्युनियननंतर फादर त्याच मिस्सेतली होस्ट मॉन्स्ट्रन्समध्ये बसवून वेदीवर ठेवतात, कम्युनियननंतरची प्रार्थना म्हणतात, आणि समारोपाचा आशीर्वाद न देता मिस्सा तिथेच थांबते. सेक्रिस्टनला (चर्चची व्यवस्था बघणाऱ्याला) हे आधी सांगून ठेवा, नाहीतर तो सवयीनं दिवे मालवायला येतो. मेणबत्त्या मॉन्स्ट्रन्सला चार ते सहा, आणि धूप. गुडघा एकच टेकायचा, टॅबरनॅकलसमोर (पवित्र भाकर राखून ठेवायच्या पेटीसमोर) टेकतो तसाच. वडीलधारी माणसं जुन्या सवयीनं दोन्ही टेकतील, त्यांना शिकवायला जाऊ नका.

आता चोवीस तासवाले. त्यांचा उत्साह चांगला आहे, पण आधी हिशोब मांडू. आठवड्याचे तास १६८. एका तासाला एकच माणूस ठेवला, तर तो आजारी पडला की साक्रामेंत एकटा. म्हणून तासाला दोघं धरायची, म्हणजे ३३६ नावं. आणि नियम कडक आहे. उघडा ठेवलेला साक्रामेंत क्षणभरसुद्धा एकटा सोडायचा नाही, असं २००४ च्या व्हॅटिकनच्या सूचनेत स्पष्ट म्हटलंय. त्याच सूचनेत शहरांमध्ये बिशपांनी निदान एखादं चर्च अखंड आराधनेसाठी नेमावं अशी शिफारस आहे. एखादं चर्च, हे ध्यानात घ्या. प्रत्येक धर्मग्रामानं हे करावं अशी कोणाची अपेक्षा नाही.

यादी कागदावर भरते, रात्री दोन वाजता रिकामी पडते. सुरुवातीला सगळे हात वर करतात. मग लग्नसराई येते, परीक्षा येतात, कोणाची तरी बदली होते. रात्री दोन ते चारचे तास कायम दोन-तीन खंद्या माणसांवर तोलले जातात, आणि ती माणसं थकली की सगळं कोसळतं. म्हणून साप्ताहिक एक तास नीट चालवा. तो मार्गी लागला की वर्षातून एखादा पूर्ण दिवस करा. कॅनन कायद्याचं (ख्रिस्तसभेच्या कायद्याचं) ९४२ वं कलम वर्षातून एकदा लांब, समारंभपूर्वक आराधनेची शिफारस करतंच, तीही पुरेशी माणसं जमणार असतील तर. मिलानमध्ये सोळाव्या शतकात सुरू झालेली चाळीस तासांची आराधनाही एका चर्चनं संपवली की दुसऱ्यानं उचलायची, अशीच साखळीनं चालायची. एकाच चर्चवर सगळा भार टाकायचा नाही, हे तेव्हाही लोकांना कळत होतं.

आणि एक गोष्ट सगळेच विसरतात. टॅबरनॅकल बंद असतानाही त्याच्यासमोर बसून आराधना होते. तिला यादी लागत नाही, फादर लागत नाहीत, लागतो तो उघडा दरवाजा. चर्च रोज निदान काही तास उघडं असावं हे ९३७ वं कलम सांगतं. तुमचं चर्च मिस्सा संपताच कुलूपबंद होत असेल, तर गुरुवारच्या मॉन्स्ट्रन्सआधी त्या कुलपाकडे बघा.

पाळी बदलण्याची पद्धत पहिल्याच दिवशी घालून द्या. दाराशी वही ठेवायची. येणारा सही करतो, पुढे जाऊन गुडघा टेकतो आणि बसतो. आधीचा माणूस त्याच्याकडे बघतो, तो बसलाय याची खात्री करतो, मगच उठतो. 'येतोय, गाडी लावतोय' असा मेसेज आला म्हणून निघायचं नाही. कोणी आलंच नाही तर? बसलेल्यानं बसून राहायचं आणि वहीच्या पहिल्या पानावरच्या नंबरवर फोन करायचा. मॉन्स्ट्रन्सला हात लावायचा नाही. होस्ट बाहेर ठेवणं आणि परत आत ठेवणं हे काम फादर किंवा डीकनचं (फादरांच्या खालच्या दीक्षित सेवकाचं); खास परिस्थितीत अकोलाइट (नेमलेला वेदीसेवक), कम्युनियनचे विशेष सेवक किंवा बिशपांनी नेमलेली व्यक्ती ते करू शकते, पण आशीर्वाद देऊ शकत नाही. तेव्हा फादर बाहेरगावी असतील त्या गुरुवारी बेनेडिक्शन नाही, एवढं लोकांना आधी सांगा, म्हणजे नंतर कुरबुर नको.

तासभर करायचं काय, हा तुमचा खरा प्रश्न. माझं मत सगळ्यांना पटत नाही, तरी सांगते: आराधनेचा सगळ्यात मोठा शत्रू माइक आहे. लोक कंटाळतील या धास्तीनं आपण गाणं, मग छापील प्रार्थना, मग कोणाचं तरी मनोगत, परत गाणं असा तास गच्च भरतो. त्यात क्वायरला काम मिळतं, आयोजकाला समाधान मिळतं आणि समोर जो आहे त्याच्याशी बोलायला कोणालाच सवड मिळत नाही. सुरुवातीला एक गीत, शुभवर्तमानातला एक उतारा, मग सलग वीस-पंचवीस मिनिटं पूर्ण शांतता, थोड्या विनंत्या, 'तान्तुम एर्गो' हे लॅटिन स्तोत्र आणि आशीर्वाद. एवढं पुरतं. जपमाळ चालते, व्हॅटिकननं ते स्पष्ट केलंय. पण ती येशूच्या जीवनावर मनन म्हणून, संथपणे. गाडी पकडायची असल्यासारखी नको.

पहिल्यांदा बसणाऱ्याचं काय होतं ते सांगते. पहिली पाच मिनिटं भक्तीची. मग गुडघा दुखतो. मग पंख्याचा आवाज येतो. मग वीजबिल, सासूबाईंची औषधं, ऑफिसात कोण काय बोललं ते, सगळी फौज येते. या फौजेशी भांडू नका असं त्यांना सांगा. औषधं आठवली तर सासूबाईंसाठी प्रार्थना करा, ऑफिसातला माणूस आठवला तर त्याचं नाव घ्या. तेही संपलं की येत्या रविवारचं शुभवर्तमान काढून सावकाश दोनदा वाचा आणि ज्या वाक्यापाशी मन अडलं तिथेच थांबा. झोप लागली तरी घाबरू नका. संत तेरेजा, लिझ्यूची, प्रार्थनेत डुलक्या घ्यायची आणि आईबापांना मूल झोपलेलंही प्रियच असतं म्हणायची. येशूला अटक झाली त्या गुरुवारच्या रात्री गेथशेमानेच्या बागेत तर खुद्द शिष्य झोपले होते. 'एक तासही जागे राहवलं नाही का' या त्या रात्रीच्या प्रश्नातूनच पवित्र तासाची भक्ती आली. पॅरे-ल-मोनियालच्या संत मार्गारेट मेरीनं १६७४ च्या सुमारास गुरुवारी रात्री अकरा ते बारा ती सुरू केली. तुमच्या फादरांनी गुरुवार निवडलाय तो उगाच नाही.

तरुण मंडळी शांत बसणार नाहीत असं कौन्सिलमध्ये कोणीतरी म्हणेलच. २०११ मध्ये माद्रिदला जागतिक युवा दिनाच्या जागरणात भर वादळ-पावसात पोपांचं भाषण अर्धवट राहिलं. नंतर त्याच चिखलाच्या मैदानावर लाखो तरुण साक्रामेंतासमोर गुडघे टेकून गप्प होते. तरुणांना शांतता जड जात नाही, आपल्या सूचना जड जातात. ज्यांना तास फार वाटतो त्यांना अर्धा तास बसू द्या. पूर्ण दंडमुक्तीसाठीही (पापांच्या उरलेल्या शिक्षेतून पूर्ण सूट मिळण्यासाठीही) नेहमीच्या अटींसह अर्ध्या तासाची आराधना पुरते. मधेच उठून जाणाऱ्याकडे मान वळवून बघायचं नाही, हे मात्र पुढच्या बाकावरच्या भगिनींना प्रेमानं सांगावं लागेल.

गरिबांची सेवा करायची सोडून इथे बसायचं का, असंही कोणी विचारेल. मदर तेरेसांच्या भगिनी १९७३ पासून रोज एक तास आराधना करतात आणि सेवाही करतात. यावर वाद घालत बसू नका.

शक्य असेल तर त्या तासात फादरांना कन्फेशनलमध्ये (पापकबुली ऐकायच्या जागी) बसायची विनंती करा. एरवी 'फादर, जरा वेळ आहे का' असं विचारायची हिंमत न होणारी माणसं त्या शांततेत आपसूक उठून जातात.

पहिल्या महिन्यात दहा-बारा जण आले तर उत्तम समजा. आणि पुढे कधी पूर्ण दिवसाची आराधना ठेवलीत, तर यादीत स्वतःचं नाव सकाळच्या सोयीच्या तासाला लिहू नका. शेवटच्या तासाला लिहा, आणि फादरांचा नंबर फोनमध्ये आधीच घालून ठेवा.