परदेशी शिक्षकांना अमेरिकेचा इतिहास शिकवताना

पहिल्याच सत्रात १७७६ पासूनची सनावळी मांडू नका. समोर शिक्षक बसलेत, ती त्यांना कुठेही वाचता येईल. एकच खटला घ्या: टिंकर विरुद्ध डे मॉइन. १९६५ मध्ये आयोवातल्या काही विद्यार्थ्यांनी व्हिएतनाम युद्धाच्या निषेधार्थ दंडाला काळ्या फिती बांधल्या, शाळेने त्यांना घरी पाठवलं. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ अशा मतांनी विद्यार्थ्यांच्या बाजूने निकाल दिला.

हा निकाल आधी सांगायचा नाही. अमेरिकी संविधानाच्या पहिल्या घटनादुरुस्तीचा, म्हणजे भाषणस्वातंत्र्याची हमी देणाऱ्या दुरुस्तीचा, मजकूर प्रत्येकाच्या हातात द्या (एकच वाक्य आहे), दहा मिनिटं वाचू द्या, मग चार-चारांचे गट करून बाजू मांडायला लावा. गाडी हमखास एका जागी अडते: दुरुस्ती बंधन घालते अमेरिकी काँग्रेसवर, मग गावातल्या शाळेला ती लागू कशी? उत्तर १८६८ च्या चौदाव्या दुरुस्तीत आहे. तिच्यामुळे हे बंधन राज्यांवर आणि सरकारी शाळांवरही येतं. खासगी शाळांवर मात्र नाही. यावर अर्धा तास गेला तरी जाऊ द्या.

गुलामगिरी उरकून टाकू नका. १७८७ च्या संविधानातलं तीन-पंचमांशाचं कलम (प्रतिनिधी ठरवताना गुलामांची संख्या तीन-पंचमांशच धरणारं) मूळ मजकुरातच दाखवा. झाकलंत तर पुढच्या कशावरच विश्वास बसत नाही. वर्गात मराठी शिक्षक असतील तर जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामीविरोधी लोकांना अर्पण केल्याचं जरूर सांगा.

कागदपत्रं लायब्ररी ऑफ काँग्रेस आणि नॅशनल आर्काइव्हजच्या संकेतस्थळांवर फुकट मिळतात. छापूनच न्या, वर्गातल्या इंटरनेटचा भरवसा नको.