पानं दमट हवेत, बूड मोकळं: कटिंगबद्दल तुमचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांमधे कटिंगला, म्हणजे नवीन रोपासाठी कापून लावलेल्या फांदीला, मुळं न फुटण्याच्या तक्रारी सगळ्यात जास्त होत्या. आणि वाचता वाचता लक्षात आलं की जवळपास प्रत्येक पत्रात मातीतला ओलावा आणि हवेतला दमटपणा या दोन गोष्टी एकच धरल्यात. म्हणून या अंकात फक्त तेच प्रश्न घेतेय.

प्रश्न: ताई, जास्वंदीच्या फांद्या कुंडीत लावल्या. माती कधीच सुकू देत नाही, रोज पाणी घालते, तरी दोन-तीन दिवसांत पानं माना टाकतात आणि मग हळूहळू खालचं टोक काळं पडून मऊ होतं. पाणी कमी पडतंय की जास्त होतंय?

दोन्ही होतंय. वर कमी पडतंय आणि खाली जास्त होतंय.

आधी वरचं बघू. फांदी कापली की मुळं गेली, पण पानं तशीच आहेत आणि पानांच्या बारीक छिद्रांतून पाणी उडून जाणं काही थांबत नाही. कापलेल्या टोकातून थोडंफार पाणी वर चढतं, पण ते पुरत नाही. आता हा हिशोब बघा. २५ अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त २३ ग्रॅमच्या आसपास बाष्प मावतं. पानाच्या आतल्या पोकळ्यांमधली हवा जवळजवळ पूर्ण भरलेली असते. बाहेरच्या खोलीत आर्द्रता ५० टक्के असेल तर बाहेर साडेअकरा ग्रॅमची तूट, आणि ९० टक्के असेल तर फक्त सव्वादोन ग्रॅमच्या आसपास. म्हणजे पानातलं पाणी खेचणारी ओढ साध्या खोलीत जवळपास पाचपट. ही ओढ मातीत कितीही पाणी ओतलं तरी कमी होत नाही, ती कमी होते पानांभोवतीची हवा दमट केल्यावरच.

आता खालचं. नवीन मुळं तयार करणाऱ्या पेशींना ऑक्सिजन लागतो, भरपूर लागतो, कारण तिथे जोरात काम चाललेलं असतं. मातीच्या कणांमधल्या सगळ्या फटी पाण्याने भरल्या की हवेला जागाच उरत नाही, मग टोक कमजोर होतं आणि कुजवणाऱ्या बुरशीचं फावतं. त्यात आणखी एक गोष्ट जी खूप जणांना माहीत नसते: कुंडीला कितीही भोकं असली तरी तळाचा थोडा थर पाण्याने गच्च राहतोच, ते पाणी आपोआप निथळत नाही. माती जितकी बारीक तितका तो थर जाड. कुंडी उथळ असेल आणि फांदी खोलवर खुपसली असेल तर तिचं टोक नेमकं त्या गच्च थरात जाऊन बसतं. आणि तळाशी खडे घालून हे सुटत नाही बरं का, गच्च थर खड्यांच्या वर येऊन बसतो एवढंच.

तर करायचं काय? बागेतली माती नको. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि परलाइट (पांढरे, हलके, सच्छिद्र दाणे) निम्मं-निम्मं घ्या, किंवा परलाइट नसेल तर जाड धुतलेली वाळू. हे मिश्रण आधीच भिजवून मुठीत घट्ट दाबून बघा, एखाद-दुसरा थेंब आला तर बरोबर, धार लागली तर पाणी जास्त आहे, तसंच पसरून थोडं सुकू द्या. कुंडी जरा उंच घ्या. फांदीवर वरची दोन-तीन पानं ठेवून बाकीची काढा आणि राहिलेली मोठी असतील तर कात्रीने अर्धी कापा, तेवढाच पाण्याचा खर्च कमी. मग वरून पारदर्शक पिशवी घाला नाहीतर प्लास्टिकच्या बाटलीचं बूड कापून वरचा भाग टोपीसारखा ठेवा. झाकल्यावर रोज पाणी घालायचं कामच राहत नाही, कित्येक दिवस घालावं लागत नाही.

प्रश्न: पण बंद पिशवीत रोप गुदमरणार नाही का? आणि आतून पाण्याचे थेंब जमतात ते चांगलं की वाईट? माझ्या एका कटिंगवर तर पांढरी बुरशी आली.

गुदमरत नाही. १८२९ च्या सुमाराला लंडनमधले डॉक्टर नॅथॅनियल वॉर्ड यांनी ओल्या मातीत पतंगाचा कोष ठेवून बाटली बंद केली होती, तर त्या मातीतून नेचा आणि गवत उगवलं आणि आतल्या आत जगलं. त्यावरून त्यांनी काचेच्या बंद पेट्या केल्या आणि १८३३ मधे जहाजाने सिडनीला पाठवलेली झाडं महिनोन्महिने समुद्रावर राहूनही जिवंत पोचली. मला हा किस्सा फार आवडतो, कारण आपण पिशवी चढवतो तेव्हा तेच करत असतो.

थेंबांचं म्हणाल तर सकाळी आतून हलकी वाफ धरलेली दिसली आणि दिवसा थोडी विरली तर सगळं ठीक आहे. दिवसभर ओघळ वाहतायत, पानं सतत ओली चिंब आहेत, तर पिशवी थोडी उघडा किंवा बाटलीचं झाकण काढून ठेवा. आतून अजिबात वाफ दिसत नसेल तर मिश्रण सुकलंय. बुरशीला हवं असतं ओलं पान आणि साचलेली हवा, म्हणून पान पिशवीला चिकटू देऊ नका, आत दोन काड्या खोचून पिशवी वर उचलून धरा, आणि एक-दोन दिवसाआड पाच मिनिटं उघडून हवा बदला. गळलेलं, पिवळं पडलेलं पान दिसलं की लगेच काढा, बुरशी बहुतेक तिथूनच सुरू होते. पांढरा कापूस फांदीच्या बुडाला असेल आणि बूड मऊ लागत असेल तर ती फांदी टाकून द्या, शेजारच्या वाचवा.

एक मात्र नीट लक्षात ठेवा, झाकलेली कुंडी थेट उन्हात नको. आत बंद भट्टीसारखं होतं आणि एका दुपारीत पानं उकडून जातात. उजेड भरपूर पण ऊन नाही, अशी जागा.

प्रश्न: झाकण्याऐवजी दिवसातून पाच-सहा वेळा स्प्रे मारला तर चालेल का?

नाही चालत. हाताने मारलेल्या स्प्रेचा दमटपणा थोड्या वेळातच खोलीत पसरून संपतो, आणि मिश्रण मात्र हळूहळू चिखल होत जातं. म्हणजे जिथे हवं तिथे टिकत नाही, जिथे नको तिथे साठतं. नर्सऱ्यांमधे मिस्टिंग, म्हणजे धुक्यासारखा बारीक फवारा, असतं ते दर काही मिनिटांनी काही सेकंद, मशीनने, आणि खाली पाणी पटकन निचरून जाईल असं मिश्रण असतं. खडे-पाण्याचा ट्रे कुंडीखाली ठेवतात त्यानेही उघड्या खोलीत फारसा फरक पडत नाही. पिशवीच बरी.

प्रश्न: अडेनियम आणि जेडच्या फांद्या तुम्ही सांगता तशाच झाकून ठेवल्या होत्या, दोन्ही कुजल्या.

कुजणारच, या झाडांना झाकायचंच नाही. जाड पानं किंवा जाड खोडं यांच्यात पाण्याचा साठा असतोच, त्यांना दमट हवा नको. कापल्यावर काही दिवस सावलीत कोरड्या जागी तशीच पडू द्या, कापलेला भाग सुकून कडक झाला की मग जेमतेम ओलसर वाळू-मिश्रणात लावा. निवडुंगाचंही तेच. जिरॅनियमलाही झाकण नकोच, ते दमट हवेत बुडापासून काळं पडत जातं.

प्रश्न: गुलाबाच्या काडीला छान लाल कोंब आले, मी खूश होऊन पिशवी काढली, तर कोंब सुकून गेले. उपटून बघितलं तर एकही मूळ नाही! असं कसं?

खूप जणांचं हे होतं आणि वाईट वाटतं, कारण काडी खरंतर चांगली चालली होती. काडीत साठलेलं अन्न आणि पाणी असतं, त्याच्या जोरावर डोळे (काडीवरच्या कळ्या, जिथून कोंब येतात) फुटतात, त्यासाठी मुळं लागतच नाहीत. कोंब आले म्हणजे मुळं आली असं नाही, उलट कोवळी पानं वाढली की पाण्याचा खर्च वाढतो, म्हणजे झाकण तेव्हाच जास्त गरजेचं. गुलाबाला साधारण चार ते सहा आठवडे धरून चला, थंडीत जास्तही लागतील. मुळं आली का ते बघायचं तर काडी अगदी हलकेच वर ओढा, अडली तर समजा धरलंय. उपटून बघू नका. पारदर्शक ग्लासात लावली तर मुळं बाहेरूनच दिसतात, हे त्यातल्या त्यात सोपं. आणि बुडाला २० ते २५ अंशाची ऊब मिळाली तर मुळं लवकर येतात.

प्रश्न: मुळं नक्की आली होती, ग्लासातून दिसत होती. तरी पिशवी काढल्यावर दुसऱ्या दिवशी रोप पडलं.

एकदम काढली म्हणून. दमट हवेत तयार झालेल्या पानांवर मेणाचा थर पातळ असतो आणि त्यांची छिद्रं पटकन मिटत नाहीत. त्यांना कोरड्या हवेची सवयच नाही. त्यात मुळं अजून मोजकी. म्हणून पहिल्या दिवशी पिशवीला एक छोटं भोक, दोन दिवसांनी आणखी दोन-तीन, मग वरून अर्धी उघडी, असं करत आठवडा-दहा दिवसांत पूर्ण काढा. मधेच पानं लोंबायला लागली तर परत झाका, दोन दिवस थांबा, पुन्हा सुरू करा. पाणी वाढवून उपयोग नाही. पंख्याच्या किंवा एसीच्या झोतात तर या काळात अजिबात नको.

प्रश्न: मनी प्लांट आणि कोलियस पाण्यात सहज फुटतात, पण मातीत लावल्यावर रुसतात. पाण्यातच ठेवू का?

मनी प्लांट पाण्यात वर्षानुवर्षं राहतो, ठेवायचा तर ठेवा. पण मातीत न्यायचं असेल तर मुळं लांबच लांब व्हायची वाट बघू नका. पाण्यातली मुळं ठिसूळ असतात, लांब झाली की लावताना मोडतात, आणि मातीच्या कणांतून पाणी घ्यायची त्यांना सवय नसते. तीन-चार सेंटिमीटर झाली की हलवा. पहिला आठवडा मिश्रण नेहमीपेक्षा थोडं जास्त ओलसर ठेवा आणि वरून पिशवी घाला, नंतर वर सांगितलं तसं हळूहळू उघडा. पाण्यात असेपर्यंत दर तीन-चार दिवसांनी पाणी बदला, कारण साचलेल्या पाण्यातला ऑक्सिजन कमी होत जातो. एखादं तरी पेर (पान फुटतं तो सांधा) पाण्यात बुडलेलं हवं, मनी प्लांटला मुळं पेरातूनच येतात, नुसतं देठ असलेलं पान ठेवलं तर त्यातून वेल येत नाही. आणि पाण्याखाली एकही पान राहू देऊ नका, ते सडतं आणि सगळं पाणी खराब करतं.