‘कोणाकडून तरी भरून घ्या’ हे उत्तर कायद्यात बसत नाही

प्रश्न : मी पूर्ण अंध आहे. आमच्या महापालिकेच्या दिव्यांग अर्थसाहाय्य योजनेचा अर्ज फक्त ऑनलाइन भरता येतो. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर कॅप्चापाशी, म्हणजे ‘माणूसच आहे ना’ हे तपासणाऱ्या चित्रकोड्यापाशी अडतो, जन्मतारखेचं कॅलेंडर कीबोर्डनं उघडत नाही. कार्यालयानं कागदी अर्ज घेतला नाही. ‘घरातल्या कोणाकडून तरी भरून घ्या’ म्हणाले. मुदत आठ दिवसांवर आली आहे. काय करू?

उत्तर : आधी मुदत सांभाळा. आयुक्त आणि योजनेच्या विभागप्रमुखांना आजच ईमेल करा. ‘वेबसाइट चालत नाही’ असं मोघम लिहू नका. त्यावर ‘सर्व्हर सुरू आहे’ एवढंच उत्तर येतं. तारीख, पान, ब्राउझर आणि स्क्रीन रीडरचं नाव लिहा. कॅप्चावर फक्त ‘ग्राफिक’ ऐकू येतं, आवाजी पर्याय नाही, हे शब्दशः लिहा आणि आवाजासह स्क्रीन रेकॉर्डिंग जोडा. सोबत अर्जाचा सगळा तपशील, यूडीआयडी (दिव्यांगांचं ओळखपत्र) आणि कागदपत्रं पाठवून ‘हा अर्ज मुदतीत आल्याचं समजावं’ अशी मागणी करा. तेच कागद आवक विभागात देऊन पोच घ्या. नाकारलेच तर स्पीड पोस्टनं पाठवा.

शेवटच्या दिवसापर्यंत उत्तर आलं नाही तर विश्वासाच्या माणसाकडून ऑनलाइन अर्ज भरून टाका. हक्काचे पैसे तत्त्वापायी सोडू नका. नाइलाजानं दुसऱ्याकडून भरून घेतल्याचं ईमेलनं कळवा. म्हणजे तक्रार बोथट होणार नाही. स्वतःचा ओटीपी आणि बँक खातं दुसऱ्याच्या हाती द्यायला लावणं, हीच तर तुमची तक्रार आहे.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या कलम 46 नं सुगम्यतेच्या, म्हणजे दिव्यांगांना सेवा स्वतः वापरता येण्याच्या नियमांनुसार सेवा देण्यासाठी सरकारी आणि खासगी सेवादात्यांना नियम निघाल्यापासून दोन वर्षं दिली होती. नियम जून 2017 चे, म्हणजे ती मुदत 2019 मध्येच संपली. यावर ‘त्यातला नियम 15 सर्वोच्च न्यायालयानं रद्द केला’ असा युक्तिवाद कदाचित येईल. तो अर्धवट आहे. राजीव रतुरी प्रकरणात नोव्हेंबर 2024 मध्ये नियम 15(1) रद्द झाला, कारण कायद्यानं सक्तीची केलेली गोष्ट त्यानं नुसती शिफारस करून ठेवली होती. सक्तीचे निकष करा, असा आदेश न्यायालयानं दिला; अधिनियमातलं कर्तव्य जागेवरच आहे. पुढे 30 एप्रिल 2025 च्या प्रज्ञा प्रसून निकालात डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणं हा राज्यघटनेच्या अनुच्छेद 21 खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला गेला. ईमेलमध्ये या दोन निकालांचा उल्लेख जरूर करा.

दाद कुठे मागायची? कलम 23 खालच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जाऊ नका, ती वाट नोकरीतल्या भेदभावासाठी आहे. तुमची तक्रार पुण्याच्या राज्य दिव्यांग आयुक्तांकडे, कलम 80 खाली. त्यांनी शिफारस केली तर महापालिकेला तीन महिन्यांत कार्यवाही कळवावी लागते. नाकारायची असेल तर कारणं द्यावी लागतात. पहिल्या उल्लंघनाला कलम 89 नुसार दहा हजारांपर्यंत दंड आहे. रक्कम लहान वाटेल, पण पुढच्या प्रत्येक उल्लंघनाला तो पन्नास हजार ते पाच लाख होतो.

अर्ज नाकारला गेला आणि तातडीचा, बंधनकारक आदेश हवा असेल, तर मात्र अनुच्छेद 226 खाली उच्च न्यायालयातच जावं लागेल. खर्चाची धास्ती घेऊ नका. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 च्या कलम 12 नुसार दिव्यांग व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या विधी सेवा प्राधिकरणात त्यासाठी अर्ज करा आणि आजच्या ईमेलची प्रत सोबत न्या.