जेट प्रवाहाचा माग काढताना

अरे, चाळीस-पन्नास वर्षांचे आलेख बघून ‘जेट प्रवाह, म्हणजे खूप उंचावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा वेगवान वाऱ्याचा पट्टा, सरकला’ असं लगेच लिहू नकोस. हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशींनी जपानात फुगे सोडून हे वारे मोजले ते १९२०च्या दशकात. त्याआधीचा हिशेब झाडांच्या वाढीच्या वलयांत आहे. उन्हाळ्यात उत्तर अटलांटिकवरचा जेट उत्तरेला सरकला की ब्रिटन तापतं, आग्नेय युरोपातल्या बाल्कनात गारवा. दक्षिणेला उतरला की नेमकं उलट. म्हणून दोन्हीकडची लाकडं शेजारी ठेव. एकाच्या वलयातली उन्हाळी पट्टी गडद, म्हणजे उन्हाळा तापलेला, त्याच वर्षी दुसऱ्याची फिकी, हे भिंगातून स्वतः बघ. माझ्या अंगावर अजूनही काटा येतो. अशा वलयांतून १७२५पर्यंत मागे जाता आलंय, आणि १९६०नंतर जेटचे उत्तर-दक्षिण हेलकावे वाढलेले दिसतात. ग्रीनलंडचे हिमगाभे, म्हणजे बर्फात खोल भोक पाडून काढलेल्या बर्फाच्या कांड्या, तर सुमारे १२५० वर्षं मागे नेतात. सरासरी जागा नंतर काढ, आधी हेलकावे मोज.